नववं गाणं

राणीसावरगाव
१९ फेब्रुवारी २०१७

अर्पिता,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, म्हणून पोस्टाने लिहितोय. पाकीट ब्लॉक करता येत नाही.

आमच्या 'वाघर' बँडच्या पहिल्या अल्बमवर तू लिहिलेलं वाचलं. म्हणजे आमच्या बँडमधल्या बालाजीने मानवतला त्याच्या स्पीकरच्या दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. गिऱ्हाईकं हसली. तू लिहितेस, 'बसलेलं रान' हा अल्बम म्हणजे परक्या शहराचा जुना कोट घालून फिरणारा खेड्यातला पोरगा. तो कोट आम्हाला दिला कोणी? पेनड्राइव्हमध्ये पोस्ट-पंकवाले परदेशी बँड भरून पुण्याहून तूच आणलंस. आमची मेंढरं खतासाठी तुमच्या रानात बसली होती. मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीला टेकून, इअरफोनचं एक टोक तुझ्या कानात आणि एक माझ्या, असं आपण ऐकलं. तेव्हा म्हणालीस, या लोकांना वाजवता येत नाही म्हणूनच हे खरं वाटतं. आम्हालाही वाजवता येत नव्हतं. म्हणून बँड काढला.

रेणुका ड्रम वाजवत नाही, ज्वारी बडवते, असं लिहिलंस. तिला राग आला नाही. ती म्हणाली, खळ्यावर ताल चुकला की काठी शेजारणीच्या डोक्यात बसते, हे पुण्यात कोणाला माहीत असणार. माझ्याबद्दल लिहिलंस की गायक गात नाही, हजेरी घेतो. घेतो.

पण नवव्या गाण्याबद्दल तुझं वाक्य असं आहे: "'तार' म्हणजे साडेचार मिनिटं खराब अर्थिंगची गुणगुण, आणि तिच्यावर वाचलेली कुठल्याशा शेताची चतुःसीमा. जे वायरमनने दुरुस्त करायचं ते अल्बम म्हणून विकू नये."

अख्ख्या लेखात एवढंच अर्धं बरोबर आहे. ती वीजच आहे. पण अर्थिंग आमचं नव्हतं. आमचा ॲम्प्लिफायर बॅटरीवर होता. मी गिटार तुमच्या मानवतच्या शेताच्या तारेजवळ धरली होती. तार तुझ्या वडिलांची. डुकरांसाठी म्हणून तिच्यात बोअरच्या मोटारीच्या पेटीतून थेट करंट सोडलेला. माझा बाप त्या तारेला चिकटून मेला त्याला तेव्हा वर्ष झालं होतं, आणि तार चालूच होती. ती चतुःसीमा कुठल्याशा शेताची नाही. पूर्वेला ओढा, पश्चिमेला गाडीवाट, उत्तरेला लिंबाचा बांध. तू तिथेच वाढलीस. शेवटची ओळ ऐकलीस ना? 'दक्षिणेला तार. तारेला बाप.'

अल्बम वाईट आहे असं म्हण. माझं काही म्हणणं नाही. पण त्या गाण्यात काय आहे ते लिही. समीक्षकाचं तेवढं काम असतं.

मल्हार


पुणे
४ मार्च २०१७

मल्हार,

लेख बदलणार नाही. तुला ओळखते म्हणून तुझ्या बाजूने लिहिते, असं कोणी म्हणू नये यासाठी दोनदा ऐकून लिहिलं. दुसऱ्या वेळी अल्बम जास्त वाईट वाटला.

तू जे लिहिलंस ते कोणापुढे बोलू नकोस. रायभानकाका वीज पडून गेले. पंचनाम्यात तसं आहे. तुझ्या आईनेही पोलिसांना तेच सांगितलं. बाबांनी त्यांना स्वतःच्या जीपमधून दवाखान्यात नेलं, दहाव्याला तुमच्या गावी आले, आणि पुढच्या वर्षी तुमची मेंढरं रानात बसवायला पहिला निरोप त्यांनीच धाडला. त्यांच्या धान्यावर तुमचा हिवाळा निघतो, हे मला लिहायचं नव्हतं. तू लिहायला लावलंस.

आमच्या कुंपणाला झटका मशीन आहे. त्याने जनावराला चटका बसतो, जीव जात नाही. मशीन आणलं तेव्हा मी घरी होते.

बाप गेल्याचं दुःख मोठं आहे. त्याने गाणं चांगलं होत नाही. आणि आरोप करायचा तर पोलीस ठाणं आहे. तिथे ड्रम लागत नाहीत.

अर्पिता


राणीसावरगाव
१२ मार्च २०१७

अर्पिता,

झटका मशीन टक टक करतं. दोन टकांच्या मध्ये गप्प असतं. थेट लाईन एकसारखी गुणगुणते.

तू कानांवर पोट भरतेस. हेडफोन लाव, नववं गाणं ऐक, आणि त्यात टक टक आहे का एवढंच कळव.

मल्हार


पुणे
११ ऑगस्ट २०२४

प्रिय मल्हार,

तुझा जुना नंबर लागत नाही. बालाजीला फोन केला तर तो म्हणाला, मल्हार पत्रकारांशी बोलत नाही, पत्ता तोच आहे, टाकून बघा. म्हणून टाकते आहे.

तुला कदाचित माहीत असेल. बंगळूरच्या एका रेडिओवाल्याने गेल्या वर्षी 'तार' वाजवलं. तिथून ते परदेशात गेलं. आता 'बसलेलं रान'वर दर महिन्याला कोणीतरी लिहितं आहे. एका मोठ्या मासिकाने गेल्या दशकातल्या पहिल्या अल्बमांच्या यादीत त्याला वर घेतलं. 'तार'ला एकाने 'यंत्राला शिकवलेला विलाप' म्हटलं आहे. दुसऱ्याच्या मते त्यातला बाप म्हणजे सत्ता आणि तार म्हणजे देशाची सीमा. ती गुणगुण तुम्ही कुठल्या सिंथेसायझरवर काढली यावर एका ठिकाणी चाळीसेक लोक भांडत होते.

माझंही मत बदललं आहे. जुना लेख मी काढून टाकला. तेव्हा त्या संथपणामागचा विचार माझ्या लक्षात आला नव्हता. आता बंगळूरची एक कंपनी अल्बमची तबकडी काढते आहे आणि सोबतच्या पुस्तिकेत मोठा लेख मी लिहावा असं त्यांना वाटतं. मी हो म्हटलं आहे. तुझी परवानगी हवी, आणि तीन प्रश्न आहेत. 'तार'मधल्या त्या सुराची कल्पना कशी सुचली? एकाच सुरावर थांबण्याचं धाडस त्या वयात कुठून आलं? आणि बँड का मोडला? माझ्या लेखामुळे मोडला असेल, तर तेही मी लेखात लिहीन.

तुझी आई कशी आहे?

अर्पिता


पालम
२ सप्टेंबर २०२४

अर्पिता,

मी सात वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर आलं नाही. तीन नवीन प्रश्न आले.

बँड तुझ्यामुळे मोडला नाही. स्वतःला एवढं मोठं समजू नकोस. रेणुका पोलीस बँडमध्ये भरती झाली. आता परेडला वाजवते. तिथेही साहेब म्हणतात, जरा हळू. बालाजीच्या दुकानाचा डीजे झाला आणि लग्नसराईत त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. मी पालमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो आणि सुट्टीत आईबरोबर मेंढरांमागे असतो. आई बरी आहे. तुमच्या घरी तिला एवढंच विचारतात, कशी आहेस; तूही तेवढंच विचारलंस.

लेख का काढलास? तो वाईट होता, पण तू निदान वायर ऐकली होतीस. आताच्या लोकांना विलाप ऐकू येतो, सीमा ऐकू येते, सत्ता ऐकू येते. बाप म्हणजे सत्ता नव्हे. बाप म्हणजे एक माणूस होता. कातडी चपला घालायचा, सुपारी कातरताना स्वतःशी बोलायचा, आणि ज्याच्या रानात बसायचा त्याला मालक म्हणायचा. शिव्या परवडल्या. या कौतुकात तो दुसऱ्यांदा गेला.

परवानगी एकाच अटीवर मिळेल. पुस्तिकेत नवव्या गाण्यात काय वाजतंय ते लिहून यायला हवं. कोणाचं शेत, कोणाची तार, कोण मेलं. हे बंगळूरचा माणूस लिहू शकत नाही. लंडनचाही नाही. अल्बमवर लिहिणाऱ्यांपैकी त्या शेतातल्या विहिरीचं पाणी प्यालेली तू एकटी आहेस.

नसेल लिहायचं तर तबकडी निघणार नाही. मला तिची गरज नाही. तुलाच आहे, असं तुझ्या 'प्रिय'वरून वाटतं.

मल्हार


मानवत
५ नोव्हेंबर २०२४

मल्हार,

टक टक नाही.

तेव्हा उत्तर का दिलं नाही ते विचारू नकोस. सांगणार नाही.

दिवाळीला घरी आले आहे. झटका मशीन कोठीत आहे. खोक्यातच. आतला थर्मोकोलही काढलेला नाही.

बाबा हरभऱ्याला पाणी देत होते. बांधावर जाऊन मी सरळ विचारलं. मला वाटलं होतं नाकारतील. मग मला तुझ्यावर चिडता आलं असतं. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "झटक्याला डुक्कर भेत न्हाई. समदे थेट लाईन लावायलेत, म्या एकट्यानं लावली का?" रायभानकाकांचं नाव काढलं तेव्हा फावडं थांबलं. "मीच नेलं की त्याला जीपमदी. टाकून पळालो का?" एवढं बोलून त्यांनी पाणी दुसऱ्या सरीत वळवलं. जेवताना मला दोनदा वाढलं. माझा भाऊ गोपाळ उठून गेला.

आणखी एक बाबांनी सांगितलं, आणि ते तू मला एकाही पत्रात लिहिलं नाहीस. वीज पडली हे आधी त्यांनी म्हटलं नाही. तुझ्या आईने म्हटलं. दवाखान्याच्या दारात, कोणी विचारायच्या आत. बाबांनी फक्त मान हलवली.

आता मला सांग. तू तक्रार केली नाहीस. अल्बम केलास. त्यातही नाव घेतलं नाहीस. कोणाला कळू नये इतक्या आडून बोललास, आणि कोणाला कळलं नाही म्हणून सात वर्षं आम्हाला मूर्ख ठरवतोस. चतुःसीमेत तुझ्या आईचं वाक्य का नाही? ते आलं असतं तर गाणं खरंच चांगलं झालं असतं.

मी लिहीन. पण माझ्या बापाचं नाव छापायला सांगतो आहेस, तर आधी तुझ्या आईला विचार. ती नको म्हणाली तर मी लिहिणार नाही, आणि तूही यापुढे मला पत्र लिहायचं नाही.

अर्पिता


राणीसावरगाव
२२ डिसेंबर २०२४

अर्पिता,

हो. आई आधी बोलली.

बाप दवाखान्यात होता आणि मेंढरं तुमच्याच रानात होती. तिने मालकाच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, तोंडाकडे पाहिलं आणि वीज पडली म्हणाली. कोणी कोणाला शिकवलं नाही. मेंढरं बसवणं कुठल्या कागदावर नसतं. एका शेतकऱ्याकडे बोट केलं की त्या शिवारात दुसरा कोणी बोलावत नाही, कारण बांधावर तार सगळ्यांच्याच आहे. तक्रार केली असती तर दुसऱ्या दिवशी कळप कुठे न्यायचा, हे तुमच्या पोलीस ठाण्यात कोणी सांगत नाही. गाण्यात तिचं वाक्य घातलं नाही, कारण ते तिचं आहे. तुला चांगलं गाणं हवं होतं. मला आई हवी होती.

तिला विचारलं. ती लोकर कातरत होती. कातर थांबली नाही. मला वाटलं ऐकलं नाही. अल्बम काय, लेख काय, हे तिला मी आजवर कधी सांगितलं नव्हतं, म्हणून मोबाईलवर गाणं लावलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग कोकराचे पाय सोडले आणि म्हणाली, "नुसतं बाप बाप काय करायलास. नाव न्हाई का त्यायला?"

ती स्वतः ते नाव घेत नाही. आयुष्यात कधी घेतलेलं नाही. मला म्हणाली, तू घाल. मालकाचंही घाल, त्यायचंही घाल.

तुम्हा सगळ्यांच्या समीक्षेत ही पहिली कामाची गोष्ट कोणीतरी बोललं. मलाही सुचली नव्हती.

तेव्हा दोन्ही नावं लिही.

मल्हार


पुणे
९ जून २०२५

मल्हार,

तबकडी निघाली. तुझ्या प्रती वेगळ्या पाठवल्या आहेत. पोचल्या असतील.

कंपनीच्या वकिलाला 'एक शेतकरी' आणि 'एक मेंढपाळ' असं हवं होतं. मी म्हटलं, तर माझा लेख परत द्या. शेवटी छापलं ते असं: "'तार'मधला अखंड सूर कुठल्याही वाद्याचा नाही. तो मानवतजवळ माझे वडील किशनराव यांच्या शेताच्या दक्षिणेकडच्या तारेतल्या विजेचा आहे. त्याच तारेला चिकटून २०१५ मध्ये गायकाचे वडील रायभान यांचा मृत्यू झाला. ध्वनिमुद्रणाच्या दिवशीही तार चालू होती." विशेषण एकही नाही. तुला दिसेलच.

आता बातमी ऐक. ज्याने 'यंत्राला शिकवलेला विलाप' लिहिलं होतं, त्याने पुन्हा लिहिलं आहे. त्याला वाटतं, अर्थ सांगितल्यामुळे गाणं लहान झालं. गूढ होतं तोवर कला होती, आता पंचनामा झाला. यादीवाल्या मासिकाने अल्बमला तिथून खाली घेतलं. एका मुलीने विचारलं आहे की मरणाचा आवाज असा विकावा का, आणि त्याखाली शेकडो लोकांनी तुला शिव्या दिल्या आहेत. थोड्या मलाही. आपण दोघांनी संगनमताने खप वाढवला असं म्हणतात. सिंथेसायझरवर भांडणारे मात्र गप्प झाले.

गोपाळने लेख बाबांना वाचून दाखवला. त्यानंतर बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. गोपाळ फोनवर एवढंच म्हणाला, ह्या दिवाळीला पुण्यातच थांब. मानवतचं घर माझ्यापुरतं संपलं.

तुला हवं होतं ते झालं. मी तुझ्यावर उपकार केले असं समजू नकोस, आणि माझ्याबद्दल चांगला विचार करायला लागू नकोस. मला अल्बम अजूनही आवडत नाही. ऑगस्टमध्ये मत बदललं असं लिहिलं होतं, ते इतरांचं ऐकून. आता पुन्हा एकटीने ऐकला. तिसरं आणि सहावं गाणं उगाच लांबवलेलं आहे. तू अजिबात गात नाहीस. नववं गाणं मी आता ऐकू शकत नाही, त्यामुळे ते चांगलं आहे की वाईट, यावर मला यापुढे काही बोलता येणार नाही.

अर्पिता


मानवत, हरभऱ्याशेजारच्या मोकळ्या रानातून
१४ डिसेंबर २०२५

अर्पिता,

तिसऱ्या गाण्याबद्दल तुझं बरोबर आहे. सहाव्याबद्दल नाही.

प्रती पोचल्या होत्या. आईने तबकडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, ह्याच्यात ते कुठं लिहिलंय. पुस्तिकेतलं पान उघडून मी बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही. तिने त्या जागेवर हात ठेवला आणि मग पाणी काढायला गेली.

रेणुकाने ठाण्यात विचारून पाहिलं. जुनी फाईल उघडायची तर नर्मदाबाईने, म्हणजे आईने, आपला आधीचा जबाब खोटा होता असं सांगावं लागेल. आई म्हणाली, खोटं बोलले ते पोटासाठी बोलले, आता खरं बोलून पुन्हा पोटावर का मारून घेऊ. तो विषय तिथे संपला. मी वाद घातला नाही.

यंदा मानवतच्या शिवारातून एकाही शेतकऱ्याचा निरोप आला नाही. असं होणार हे तू लिहिण्याआधीच मला माहीत होतं. आईलाही होतं. दसऱ्यानंतर आम्ही वाट पाहिली, आणि मग कोणी न बोलावताच कळप घेऊन निघालो. गंगाखेड ओलांडून इकडे आलो तेव्हा ओळखीची माणसं बांधावरून हात करायची ती पाठ करून उभी राहिली. एकाने मला विचारलं, मशीन आणलंस का रे, आमचा आवाज भरायला. त्याच्या बायकोला हसू आलं. तुमच्या शेताच्या पश्चिमेच्या गाडीवाटेवर आम्ही दोन दिवस काढले. मेंढरांना खायला धुरळा होता. आई माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या मते हरकत नावं छापण्यात नव्हती. माझी चूक ही की मी आधी दुसरं रान शोधून ठेवलं नाही.

काल सकाळी कळप दक्षिणेच्या बांधाशी आणला होता, तेव्हा तुझे वडील आले. एकटेच, चालत. म्हातारे झालेत. तुला कोणी कळवलं नसेल म्हणून लिहितो, उजव्या पायाने ते लंगडतात. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. दक्षिणेच्या बांधावर, तारेच्या पलीकडे उभे राहिले. मागे गोपाळ आला, आणि शेजारच्या रानातली पाचसहा माणसं कामं सोडून आली. भांडण बघायला मिळेल असं वाटलं असावं.

ते आईला म्हणाले, "नर्मदाबाई, तुझ्या लेकानं आन् माझ्या लेकीनं जगभर सांगितलं, माझ्या तारंत करंट हाय म्हणून."

आई काठी टेकून उभी राहिली.

"कुठं हाय?" असं म्हणून त्यांनी उजव्या हाताने तार धरली. गोपाळ ओरडला. काही झालं नाही. लाईन पेटीतूनच बंद करून आले असणार. ते तसेच मूठ आवळून उभे राहिले. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मी खोटा ठरलो होतो, निदान त्या सकाळपुरता. माफी वगैरे मागायला ते आले नव्हते. तू मनात तसं काही धरू नकोस. माणसं पुरेशी जमली आहेत आणि त्यांनी पाहिलं आहे, एवढी खात्री करून ते हात काढायला लागले.

तेव्हा आई बोलली. आवाज चढवला नाही.

"धरून ठिवा, मालक. समदी आत जाईस्तोर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं शिवी देतील. गोपाळ पुढे आला, त्याला त्यांनी दुसऱ्या हाताने थांबवलं. त्यांचा हात तारेवर होता तोवर लाईन सोडायला कोणी जाणार नव्हतं, आणि माणसांदेखत त्यांना तो काढता येत नव्हता. आईने तारेचा खालचा पदर काठीने वर उचलून धरला आणि म्होरक्या मेंढ्याला हाक दिली. तो वाकून आत गेला. मग बाकीची, अंग तारेला घासत, एकामागे एक. मध्येच एक कोकरू अडलं, आई वाकली, त्याच्या पायातला काटा काढला, मग त्याला सोडलं. ऊन वर आलं. जमलेली माणसं हळूहळू आपापल्या रानात गेली. तुझे वडील तार धरून उभे होते.

आईने मेंढरांना घाई केली नाही.

मल्हार